न नाचायचे नृत्य : शोपाँचे मझुर्के

पाश्चात्त्य संगीताचा विषय निघाला की आपल्या मंडळींकडून दोन ठरावीक उद्गार ऐकू येतात. पहिला, ‘ते आपल्याला काही कळत नाही बुवा.’ आणि दुसरा, ‘त्यात आपल्यासारखा जिव्हाळा कुठे असतो ?’ पहिल्या उद्गारात निदान प्रांजळपणा आहे. दुसरा मात्र साक्षीपुरावा न घेताच दिलेला निकाल आहे. त्या निकालावर अपील करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू. त्यासाठी एखादी भव्य सिंफनी मी साक्षीदार म्हणून उभी करणार नाही. एकट्या पियानोवर वाजणारी, बहुधा दोन-तीन मिनिटांत संपणारी, खेड्यातल्या नाचावर बेतलेली एक छोटीशी रचना मला पुरेशी आहे. या रचनाप्रकाराचे नाव मझुर्का; आणि त्याला जगाच्या संगीतात कायमचे स्थान मिळवून देणाऱ्या पोलिश रचनाकाराचे नाव फ्रेदेरिक शोपाँ.

मी संगीताचा रीतसर विद्यार्थी नव्हे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. माझा विषय इतिहास. घरी पेटी आहे, तिच्यावर बोटे फिरवायची सवय आहे, एवढीच माझी संगीतातली पात्रता. मझुर्क्याकडे मी वळलो तोही इतिहासाच्याच वाटेने. एकोणिसाव्या शतकातील युरोपचा नकाशा पुढे ठेवला की पोलंड हा देश त्यात सापडत नाही. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी तो वाटून घेतला. आणि पुढे १९१८ पर्यंत, म्हणजे सुमारे सव्वाशे वर्षे, स्वतंत्र राष्ट्र म्हणून पोलंड अस्तित्वात नव्हता. मग ज्या देशाला स्वतःच्या सीमा उरल्या नाहीत, ज्याची राजधानी परक्यांच्या ताब्यात गेली, तो देश इतकी वर्षे लोकांच्या मनात टिकला कसा ? या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत. भाषा, धर्म, काव्य ही त्यांतली प्रमुख. परंतु ती वाचताना आणखी एक उत्तर ओझरते भेटत राहते, आणि पहिल्यांदा वाचताना मला ते फार चमत्कारिक वाटले. ते उत्तर म्हणजे नाचाचे संगीत. नाच आणि राष्ट्र यांचा संबंध काय, हे शोधता शोधता मी शोपाँच्या मझुर्क्यांपर्यंत येऊन पोचलो.

प्रथम नावाची कुळकथा पाहू. वॉर्सा शहराच्या भोवती पसरलेल्या सपाट प्रदेशाला माझोव्शे म्हणतात. तिथल्या माणसाला मझुर म्हणत, आणि त्यांच्या नाचालाही मझुर हेच नाव पडले. त्याचे लाडके, लहान रूप मझुरेक. पोलिश भाषेत आपल्यासारख्याच विभक्ती आहेत. त्या लागल्या की मझुरेकचे मझुर्का होते. परदेशी कानांनी हे विभक्तीचे रूप उचलले आणि तेच मूळ नाव समजून रूढ केले. एखाद्या परक्या पाहुण्याने ‘पोवाड्याचा’ हा शब्द ऐकून त्या प्रकाराचे नावच ‘पोवाड्या’ ठरवून टाकावे, तसे हे झाले. असो. आता सारे जग मझुर्काच म्हणते, तेव्हा आपणही तसेच म्हणू.

या एका नावाखाली वस्तुतः तीन निरनिराळे लोकनृत्यप्रकार नांदतात. पहिला खुद्द मझुर : मध्यम ते जलद लयीचा, ठसकेबाज, टाचा आपटत नाचायचा. दुसरा कुयाव्याक. कुयावी नावाच्या शेजारच्या प्रदेशातला हा नाच संथ आहे, आणि त्याचे सूर बहुधा उदास. तिसरा ओबेरेक. पोलिश भाषेत फिरणे, गिरक्या घेणे या अर्थाच्या धातूपासून हे नाव आले आहे, आणि नावाप्रमाणेच तो गरगर फिरण्याचा, तिघांत सर्वांत वेगवान नाच आहे. तिन्ही तीन मात्रांचे. शोपाँने आपल्या रचनांना सरसकट मझुर्का हेच नाव दिले. पण आत डोकावले तर कधी एक, कधी दुसरा, आणि पुष्कळदा एकाच रचनेत दोन किंवा तिन्ही प्रकार आळीपाळीने भेटतात. उदास कुयाव्याक चालू असतो आणि मध्येच कोणी दार उघडून बाहेरचा ओबेरेक आत सोडावा, तसे होते. मझुर्क्यांतला भाव क्षणोक्षणी पालटतो असे जे वाटते, त्याचे एक साधे कारण हे आहे.

आता तालाकडे वळू. कारण मझुर्क्याचा सारा प्राण तालात आहे. तीन मात्रा म्हटल्या की आपल्याला दादऱ्याची आठवण होते. दादऱ्यात तीन-तीन मात्रांचे दोन विभाग, आणि वजन पहिल्या मात्रेवर, समेवर. युरोपातला वॉल्ट्झ हा नाचही तीन मात्रांचा आणि त्याचेही वजन पहिल्या मात्रेवरच. मझुर्का मात्र हा शिरस्ता मोडतो. त्याचा आघात पहिली मात्रा सोडून दुसरीवर किंवा तिसरीवर पडतो. कुठे पडेल याचा नेम नाही. शिवाय पहिली मात्रा पुष्कळदा फोडलेली असते, आणि तिच्यामागून दुसरी व तिसरी अशा दोन सरळ उभ्या मात्रा येतात. वाचकांनी टेबलावर बोटाने वाजवून पाहावे : ‘एक-नि, दोन, तीन, एक-नि, दोन, तीन.’ आता ‘दोन’वर जोर द्या. चार आवर्तने झाली की ‘तीन’वर द्या. पाय अडखळल्यासारखे होते, पण पडत नाहीत. हे अडखळून सावरणे म्हणजेच मझुर्का. पोलिश भाषेत शब्दातील शेवटून दुसऱ्या अक्षरावर आघात येतो, आणि गाण्यातील आघाताचा या बोलण्यातील आघाताशी संबंध अभ्यासक जोडतात. म्हणजे हा ताल आधी जिभेत होता, मागून पायांत उतरला, असे म्हणावयास हरकत नाही.

तालानंतर सूर. खेड्यातल्या नाचाला साथ असे ती फिड्लची, म्हणजे खेडवळ व्हायोलिनची. जोडीला एखादे खर्जाचे मोठे तंतुवाद्य किंवा लहानशी डफासारखी ढोलकी, आणि काही भागांत दूडी नावाचे पिशवीचे वाद्य, इंग्रजांच्या बॅगपाइपचे भावंड. या वाद्यात एक सूर सतत घुमत राहतो आणि त्यावर चाल वाजते. सतत घुमणारा आधारस्वर ही कल्पना इतर युरोपीय श्रोत्यांना रानवट वाटली असेल. आपल्याला ती समजावून सांगायला नको. तानपुऱ्याच्या षड्ज-पंचमात आपण वाढलो आहोत. शोपाँ मझुर्क्यांत पियानोच्या डाव्या बाजूला नेमके हेच करतो. ओपस ७ मधल्या पहिल्या मझुर्क्यात उत्साही नाच चालू असताना मध्येच आवाज एकदम खाली येतो, डावा हात षड्ज-पंचमाची जोडी धरून बसतो, आणि वर एक अनोळखी, पूर्वेकडच्या वळणाची चाल दबक्या आवाजात उमटते. काही क्षण दिवाणखान्यातून एकदम शिवारात गेल्यासारखे वाटते.

आणखी एक गोष्ट तर पेटी वाजवणाऱ्याला थेट हात लावून पाहता येईल. पोलिश लोकगीतांत पुष्कळदा चौथा स्वर चढा लागतो. पाश्चात्त्य लोक या स्वररचनेला लिडियन म्हणतात. आपण तिला काय म्हणतो ? पेटीवर पांढरी चार ही षड्ज धरा आणि एकाही काळ्या पट्टीला न शिवता वरच्या षड्जापर्यंत जा. तीव्र मध्यम आपोआप लागतो, आणि आपण कल्याण थाटात उभे असतो ! शोपाँच्या ओपस २४ मधील दुसऱ्या मझुर्क्यात याच पट्टीतला, याच पांढऱ्या पट्ट्यांवरचा एक भाग आहे. तो ऐकताना यमन आठवेल अशी अपेक्षा मात्र कोणी करू नये. स्वर तेच असले तरी चलन अगदी वेगळे. तिथे आलाप नाही, मींड नाही, नाचाची उडी आहे. पण तो चढा मध्यम कानाला परका वाटत नाही, एवढे मी स्वानुभवाने सांगतो.

हे सारे शोपाँजवळ आले कोठून ? त्याचा जन्म १८१० साली वॉर्सापासून जवळच असलेल्या झेलाझोवा वोला या खेड्यात झाला. वडील निकोला मूळचे फ्रान्सच्या लॉरेन प्रांतातले, पोलंडमध्ये येऊन शिक्षक झालेले. आई युस्तिना पोलिश. मुलाच्या जन्मानंतर काही महिन्यांतच कुटुंब वॉर्साला आले, म्हणजे शोपाँ वाढला तो शहरातच. परंतु १८२४ आणि १८२५ या दोन वर्षांच्या उन्हाळ्याच्या सुट्या त्याने शाफार्निया नावाच्या गावी, शाळेतल्या एका मित्राच्या घरी घालवल्या. तेथून तो घरी जी पत्रे धाडी, ती त्याने वर्तमानपत्राच्या थाटात लिहिली होती. ‘वॉर्सा कुरियर’ या पत्राची नक्कल म्हणून त्याने आपल्या पत्राला ‘शाफार्निया कुरियर’ असे नावही दिले होते. चौदा वर्षांच्या मुलाचा हा खट्याळपणा. पण त्या विनोदी बातम्यांत गावकऱ्यांची गाणी आहेत, आणि दुसऱ्या वर्षीच्या पत्रांत सुगीच्या सणातला नाचही आहे. पंधरा-सोळा वर्षांचा असतानाच त्याने मझुर्के लिहावयास घेतले, आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत तो ते लिहीतच राहिला. त्यांची संख्या पन्नासाच्या वर जाते. दुसऱ्या कोणत्याही प्रकारात त्याने इतक्या रचना केल्या नाहीत. एका परीने ही त्याची रोजनिशीच होती म्हणा ना !

२ नोव्हेंबर १८३० या दिवशी वीस वर्षांच्या शोपाँने वॉर्सा सोडले. तो निघाला होता कलावंत म्हणून नाव मिळवायला. पण तो व्हिएन्नाला पोचून थोडेच दिवस झाले होते, तोच २९ नोव्हेंबरला वॉर्सात रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला. सोबत आलेला जिवलग मित्र लढायला परत गेला. शोपाँ मागे राहिला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात उठाव चिरडला गेल्याची वार्ता त्याला जर्मनीत श्टुटगार्ट येथे कळली. तो पॅरिसला गेला आणि तिथेच राहिला. पोलंडमधून परागंदा झालेल्या हजारो लोकांचे पॅरिस हे तेव्हा मोठे केंद्र होते; कवी आदाम मित्स्क्येविच हाही त्यांतलाच. १८३५ साली कार्ल्सबाद येथे शोपाँची आईवडिलांशी अखेरची एकत्र भेट झाली. मायदेशी तो पुन्हा कधीच गेला नाही. १७ ऑक्टोबर १८४९ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. देह तिथल्या पेर लाशेझ दफनभूमीत आहे. हृदय मात्र त्याच्या इच्छेप्रमाणे थोरली बहीण लुद्विका हिने वॉर्साला नेले, आणि आज ते तिथल्या होली क्रॉस चर्चच्या एका खांबात आहे.

ही हकीकत ध्यानात घेतली म्हणजे मझुर्क्यांचे एक कोडे उलगडते. ते नाचाचे संगीत आहे; पण त्यावर नाचता येत नाही, आणि नाचावे अशी शोपाँची अपेक्षाही नव्हती. लय मध्येच रेंगाळते, मध्येच सूर थबकतो, सुरावट अनपेक्षित वळण घेते. नाचणारी जोडपी एकमेकांच्या पायांवर पाय देतील ! वास्तविक पॅरिसच्या मेजवान्यांत तेव्हा नाचायचा मझुर्काही प्रचलित होता, आणि शोपाँच्या आधी मारिया शिमानोव्स्का या पोलिश पियानोवादक स्त्रीनेही पियानोसाठी मझुर्के लिहिले होते. त्यांत नाच हा वर्तमानकाळात आहे. शोपाँच्या मझुर्क्यांत तो भूतकाळात गेला आहे. नाच चालू नाही, नाचाची आठवण चालू आहे. आणि आठवण ठेक्यात चालत नाही.

दोन उदाहरणे देतो. ओपस ७ मधला पाचवा मझुर्का इतका लहान आहे की मिनिटभरात त्याचा पल्ला संपावा. पण त्याच्या अखेरीस शोपाँने वादकासाठी सूचना लिहिली आहे, ती अशी की खुणेपासून पुन्हा वाजवा, शेवट नाही. म्हणजे कागदावर ही रचना संपतच नाही. खेड्यातला नाच ज्याप्रमाणे रचनेच्या नियमाने संपत नाही, नाचणारे दमले की संपतो, तसेच हे. दुसरे उदाहरण ओपस १७ मधल्या चौथ्या मझुर्क्याचे. १८३४ साली प्रसिद्ध झालेली ही रचना माझी सर्वांत आवडती. तिच्या आरंभी काही स्वरसंगती येतात, पण त्यांवरून षड्ज कोणता हेच कळत नाही. मग एक खिन्न, नक्षीदार चाल सुरू होते. मध्ये डाव्या हाताचा तानपुरा लागतो, खेडे क्षणभर जवळ येते आणि निसटते. आणि शेवटी आरंभीच्याच त्या संदिग्ध स्वरसंगती परत येऊन विरून जातात. चाल षड्जावर येऊन विसावत नाही. आपल्या मैफलीत गायकाने समेवर न येता तंबोरा खाली ठेवावा, तर श्रोते अस्वस्थ होतील. इथेही होतात. ज्याला घरी परतता आले नाही त्याने घराविषयी लिहिलेली चाल षड्जाला परत येत नाही, हा माझा अर्थ झाला. शोपाँने स्वतः तसे कुठे लिहिलेले नाही. पण कान तो अर्थ काढतो, त्याला इलाज नाही.

लयीशी चाललेल्या या खेळाला पाश्चात्त्य परिभाषेत रुबातो म्हणतात. शोपाँ आपल्या शिष्यांना सांगे की, डावा हात हा वाद्यवृंदाचा प्रमुख, त्याने काळ सांभाळावा. उजव्या हाताने हवे तसे मागेपुढे व्हावे. आपल्याकडे तबलजी ठेका सोडत नाही आणि गायक शब्द थोडे मागे ओढून नेमका समेवर येतो, ती गंमत जाणणाऱ्यांना ही शिकवण लगेच पटेल. पण मझुर्क्यांत शोपाँ याही पलीकडे जाई. पियानोवादक चार्ल्स हॅले याने आपल्या आठवणींत एक मजेदार प्रसंग नोंदवला आहे. हॅले शोपाँला म्हणाला, तुमचे मझुर्के तुम्ही वाजवता तेव्हा तीन मात्रांऐवजी चार मात्रांचे वाटतात. शोपाँने साफ इन्कार केला. तेव्हा हॅलेने त्याला वाजवायला सांगितले आणि शेजारी उभा राहून मोठ्याने चार मोजले, बरोबर बसले! मग शोपाँ हसला आणि म्हणाला की, या नाचाचा राष्ट्रीय स्वभावच असा आहे. असाच वाद प्रसिद्ध ऑपेराकार मायरबेअर याच्याशी झाला, तेव्हा मात्र शोपाँ हसला नाही. त्याचा एक शिष्य मझुर्का वाजवत असताना मायरबेअर आत आला आणि ही रचना दोन मात्रांची आहे असे म्हणाला. शोपाँ संतापला, त्याने स्वतः वाजवून दाखवले, मोठ्याने मात्रा मोजल्या, पाय आपटला. मायरबेअर हटेना. शेवटी शोपाँ रागाने आपल्या खोलीत निघून गेला. एकाला चार ऐकू आल्या, दुसऱ्याला दोन, आणि लिहिणारा म्हणतो तीन ! कागदावर जे उतरवता येत नाही तेच त्या नाचाचे मर्म होते, हे यावरून दिसते.

येथे एक आक्षेप येतो, आणि त्याला बगल देणे बरोबर नाही. शोपाँ शहरात वाढला, पॅरिसच्या उमरावांत वावरला, त्यांच्या मुलींना शिकवून पोट भरले. मग त्याचे संगीत ‘लोकसंगीत’ कसले? आक्षेपात तथ्य आहे. लोकगीतांची चाल जशीच्या तशी उचलल्याची निश्चित उदाहरणे त्याच्या मझुर्क्यांत फारच थोडी सापडतात. ओपस ६८ मधल्या तिसऱ्या मझुर्क्याच्या मधल्या भागाचा संबंध एका पोलिश लोकगीताशी जोडला जातो. पण असे विरळा. त्याच्याच काळात वॉर्साचा ओस्कार कोल्बेर्ग हा संशोधक खेडोपाडी हिंडून गाणी टिपून घेत होता. १८५७ सालापासून त्याने प्रसिद्ध केलेले संग्रह हा पोलिश लोकसंस्कृतीचा महान ठेवा आहे. शेतकरी काय गातो हे जाणायचे असेल तर कोल्बेर्गकडे जावे, शोपाँकडे जाऊ नये. शोपाँने गाणी जमवली नाहीत. त्याने त्यांचे व्याकरण आत्मसात केले आणि त्या व्याकरणात स्वतःची वाक्ये रचली. चढा मध्यम, घुमता खर्ज, फिरता आघात, तेच ते पुन्हा म्हणण्याची खेडवळ सवय, हे सारे त्याने घेतले; आणि त्याला पाश्चात्त्य स्वरसंगतीची अशी जोड दिली की त्या काळच्या पंडितांनाही ती धीट वाटली. १८४२ च्या ओपस ५० मधील तिसऱ्या मझुर्क्यात तर एक आवाज दुसऱ्याचा पाठलाग करतो, ती बाखच्या अभ्यासाची फलश्रुती आहे. नाचाच्या अंगणात बाख ! नुसती नक्कल करणाऱ्याला हे साधले नसते, आणि ज्याला व्याकरण ठाऊक नाही त्यालाही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे नाच आणि राष्ट्र यांच्या संबंधाकडे येतो. १८३६ साली जर्मन रचनाकार रॉबर्ट शूमान याने आपल्या नियतकालिकात लिहिले की, मझुर्क्यांच्या साध्या चालींत केवढा शत्रू दडला आहे हे उत्तरेच्या सम्राटाला कळले तर तो या संगीतावर बंदीच घालील. शोपाँच्या रचना म्हणजे फुलांखाली झाकलेल्या तोफा आहेत. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा मला ती निव्वळ लेखकाची अलंकारिक अतिशयोक्ती वाटली. पुढच्या घटना पाहिल्या की ती तशी वाटत नाही. सप्टेंबर १८६३ मध्ये, दुसऱ्या उठावाच्या धामधुमीत, रशियन सैनिकांनी वॉर्सातील झामोय्स्की वाड्याची नासधूस केली आणि तिथे बहिणीच्या घरी जपून ठेवलेला शोपाँचा पियानो खिडकीतून खाली फेकून दिला. कवी त्सिप्रियान नोर्विद याने त्यावर ‘शोपाँचा पियानो’ ही कविता लिहिली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पोलंड व्यापला, तेव्हा त्यांनी शोपाँच्या संगीताचे सार्वजनिक कार्यक्रम बंद पाडले. आणि ३१ मे १९४० रोजी वॉर्साच्या वाझिएंकी उद्यानातला त्याचा पुतळा सुरुंगाने उडवला. तो पुतळा १९५८ साली पुन्हा उभारण्यात आला. पियानोचे तुकडे करणारे आणि पुतळ्याला सुरुंग लावणारे लोक शूमानचे वाचक नसतील. पण त्या चालींत काहीतरी धोका आहे हे त्यांनाही कळले होते.

आणि खुद्द पोलंडचे राष्ट्रगीत काय आहे ? तोही एक मझुर्काच. पोलंड नकाशावरून पुसला गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १७९७ साली, इटलीत नेपोलियनच्या बाजूने लढणाऱ्या पोलिश पलटणींसाठी युझेफ विबित्स्की याने ते लिहिले; चाल लोकप्रिय मझुर्क्याची. ‘दोम्ब्रोव्स्कीचा मझुरेक’ या नावाने ते प्रसिद्ध आहे आणि १९२७ साली ते अधिकृत राष्ट्रगीत झाले. सावधान उभे राहून गायचे गीत नाचाच्या तालात असावे, ही गोष्ट जगात विरळाच !

मग हे संगीत पोलिश माणसालाच वाजवता येईल काय ? या प्रश्नाचे उत्तर वॉर्सातच मिळाले आहे. १९२७ पासून तिथे शोपाँच्या नावाने आंतरराष्ट्रीय पियानोवादन स्पर्धा भरते, आणि मझुर्के उत्तम वाजवणाऱ्याला पोलिश रेडिओचे वेगळे पारितोषिक असते. मझुर्का ही तिथे पोलिश मनाची कसोटी समजली जाते. १९५५ साली हे पारितोषिक मिळाले फू त्सोंग या तरुण चिनी वादकाला. आणि १९८० साली व्हिएतनामच्या डांग थाय सोन याने स्पर्धेच्या प्रथम पारितोषिकासह तेही पटकावले. शांघाय आणि हनोई येथल्या मुलांना जर माझोव्शेचा अडखळता पाय सापडू शकतो, तर ‘आपल्याला ते कळणार नाही’ असे आपण धरून चालावे याला कारण काय ?

पोलंड आपल्याला वाटतो तितका दूरही नाही. कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर वळिवडे नावाचे लहानसे स्टेशन आहे. रोज कॉलेजला येताना माझी पॅसेंजर तिथे थांबते. १९३९ साली पोलंडची पुन्हा वाटणी झाली, आणि १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लक्षावधी माणसे सायबेरिया व कझाकस्तानात धाडली. त्यांतून सुटलेल्या लोकांपैकी काहींना इराणमार्गे हिंदुस्थानात आश्रय मिळाला. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला त्यांची छावणी होती. सुमारे ५,००० माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले. त्यांनी तिथे आपल्या शाळा काढल्या, चर्च उभारले, स्काउट पथके चालवली. जिथे पोलिश शाळा तिथे पोलिश राष्ट्रगीत. म्हणजे पंचगंगेच्या खोऱ्यात पाच वर्षे मझुर्क्याचा ताल घुमला आहे. ती मंडळी गेली आणि त्या जागी, आजच्या गांधीनगरात, आपल्या फाळणीने बेघर केलेले सिंधी लोक येऊन वसले. एका फाळणीचे निर्वासित उठले आणि दुसऱ्या फाळणीचे निर्वासित तिथे बसले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापुढे काही बोलवत नाही. मी मात्र आता ते स्टेशन आले की खिडकीच्या गजावर नकळत बोटे वाजवतो : एक-नि, दोन, तीन.

ज्यांना ऐकण्याची इच्छा होईल त्यांच्यासाठी शेवटी थोडी वाटाड्याची कामगिरी करतो. सगळे मझुर्के एका बैठकीत ऐकू नयेत. एका वेळी दोन पुरेत. आरंभ ओपस ७, क्रमांक १ ने करावा, तो हसतमुख आहे. मग पेटी जवळ घेऊन ओपस २४, क्रमांक २ ऐकावा आणि तीव्र मध्यम कुठे लागतो ते हेरावे. त्यानंतर ओपस १७, क्रमांक ४. हा रात्री, घरातली माणसे निजल्यावर. सर्वांत शेवटी ओपस ६८, क्रमांक ४ : शोपाँच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदांत सापडलेला हा मझुर्का त्याची अखेरची रचना म्हणून दीर्घकाळ ओळखला गेला. वादकांत पोलंडमध्येच जन्मलेला आर्थर रुबिनस्टाइन मला जवळचा वाटतो. त्याने हे मझुर्के आयुष्यात तीनदा ध्वनिमुद्रित केले. आणि ऐकताना हाताने ताल धरून पाहावा. दहा-बारा आवर्तनांत हात चुकेल. चुकला तर थांबू नये, पुन्हा ‘एक’पासून धरावा. खुद्द मायरबेअरचा हात जिथे चुकला, तिथे आपली काय कथा !